पातळ निळं

"चार उपाय तुम्हीच सांगितलेत आणि चारही उपायांना नाक तुम्हीच मुरडताय," क्लेटन म्हणाला. "मग मी करू काय? या गिरणीपुढं गुडघे टेकून प्रार्थना करू?"

"करा की, माझी हरकत नाही," आर्डिस म्हणाली. "पण आधी नीट ऐकून घ्या. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय."

तिने टॉर्चचा उजेड पुन्हा गिरणीच्या मानेवर टाकला. दोन नंबरची गिरणी म्हणजे घराएवढं लोखंडी पिंप. त्याच्या पोटात पोलादी गोळे. खाणीतला दगड त्यांच्यात पडायचा आणि पीठ होऊन बाहेर यायचा. पिंपाला दोन्ही टोकांना पोकळ माना होत्या आणि त्या पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांवर टेकलेल्या असत. रविवारी एका मानेचं तेल बंद पडलं. भोंगा वाजला, तो कोणी मनावर घेतला नाही, आणि गिरणी थांबेपर्यंत मानेवर चरे उमटले, बेअरिंगचा पांढरा धातू जागोजागी पुसला गेला. आता ते सगळं धूड जॅकवर उचलून ठेवलं होतं आणि येणारा जाणारा प्रत्येक जण तिथं थांबून आपली अक्कल पाजळत होता. वेल्डर म्हणे भर घाला, स्टोअरवाला म्हणे नवीन मागवा. कँटीनमधल्या बाईंचंही काहीतरी मत होतं.

"नवी मान मागवली तर ती यायला वर्ष जाईल," आर्डिस म्हणाली. "वेल्डिंगने भर घालायची तर हे जुनं ओतीव काम आहे, तापलं की तडकेल. डुलुथच्या कारखान्याची मंडळी आपलं यंत्र इथं आणून मान जागेवरच कातून देतात आणि त्या मापाचं बेअरिंग नवं ओतून देतात. काम चोख. पण आज फोन केला तर ती येणार महिनाअखेरीस."

"का? सोमवारी का नाही?"

"सोमवारी पंधरा नोव्हेंबर आहे."

"मग?"

"हरणांची शिकार सुरू होते."

क्लेटन हसला आणि ती हसत नाही हे बघून थांबला. तो इथं मॅनेजर म्हणून ॲरिझोनातून येऊन सहा महिने झाले होते. मिशिगनच्या या वरच्या टोकाला पंधरा तारखेला शाळासुद्धा बंद असते, हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्याला ती थट्टा वाटली असेल.

"आणि चौथा उपाय?"

"मानेचे चरे दगडाने घासून काढायचे आणि आहे हेच बेअरिंग हाताने खरवडून तिच्यावर बसवायचं. चरे फार खोल नाहीत. जमण्यासारखं आहे."

"हाताने? हे आता कोण करतं?"

आर्डिसने टॉर्च उगाचच एकदा बंद करून परत लावला. "माझे वडील करायचे," ती म्हणाली. "पण ते..."

"वडील तर वडील. बोलवा त्यांना. शुक्रवारपर्यंत गिरणी फिरली पाहिजे." आणि क्लेटन गेलासुद्धा. या माणसाला कुठल्याही वाक्याचा उत्तरार्ध ऐकायची सवयच नव्हती.

बोलवायची वेळ आलीच नाही. ती ऑफिसकडे वळली तोच फाटकातून तौनो, तिचा बाप, आत येताना दिसला. डोक्यावर कानटोपी, काखेत लाकडी पेटी. मागे डेल ट्रेव्हॅरो, फिटरांचा मुकादम, चोरासारखा चेहरा करून चालत होता.

"तू सांगितलंस?" तिने डेलला विचारलं.

"मी नुसतं कॉफी प्यायला गेलो होतो. ते तिथं बसले होते. त्यांनी विचारलं, गिरणी का थांबलीय म्हणून. मी काय खोटं बोलू?"

"या गावात एक गोष्ट, एक, माझ्यानंतर बाकीच्यांना कळेल तर शप्पथ," आर्डिस म्हणाली.

"कुरकुर पुढं कर," तौनो म्हणाला. "मान दाखव आधी."

खरं सांगायचं तर तिला मनातून बरं वाटलं होतं. तौनोला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. नंतरही मधूनमधून बोलावणं यायचं, मग तेही बंद झालं. आई गेल्यावर तो आर्डिसकडेच राहायला आला, आणि गेले दोन हिवाळे खिडकीत बसून तो समोरच्या रस्त्यावर बर्फ सरकवणाऱ्या गाडीला नावं ठेवत होता. ड्रायव्हरला पातं धरता येत नाही म्हणे. घरातल्या दाराच्या बिजागऱ्या त्याने तीनदा उतरवून बसवल्या. त्याच्या हाताला एक शेवटचं मोठं काम मिळावं, सगळ्यांच्या देखत मिळावं, असं तिला फार वाटत होतं. तिच्या चिडचिडीत हे कोणाला दिसलं नसतं ती गोष्ट वेगळी.

दिवसभर त्याने मानेवर दगड चालवला. घासायचा, तळव्याने चाचपायचा, पुन्हा घासायचा. पोरं येऊन बघून जात होती. पोरं कसली, पन्नाशीचे बाप्ये. पण त्यातल्या निम्म्यांना कानस धरायला तौनोनेच शिकवलं होतं. संध्याकाळी आर्डिसने मानेवरून बोट फिरवलं. चरे गेले होते. तिने होकारार्थी डोकं हलवलं आणि तौनोने दगड पेटीत ठेवला. त्यांच्या घरात एवढं म्हणजे पुष्कळ कौतुक असे.

घोळ दुसऱ्या दिवशी झाला.

आता बेअरिंग बसवायचं होतं. त्याची रीत अशी, की मानेला निळा रंग लावायचा, अगदी पातळ, श्वासाची वाफ धरल्यागत. मग बेअरिंग जॅकने वर उचलून मानेला टेकवायचं, जरासं हलवायचं आणि खाली घ्यायचं. पांढरा धातू जिथं उंच असेल तिथं निळा ठिपका उठतो. तो ठिपका पात्याने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा ठिपके, पुन्हा खरवडणं, असं करत करत सगळीकडे सारखे ठिपके उठेपर्यंत. आणि या गिरणीत एक रिवाज होता. ज्याने निळं लावलं त्यानेच खरवडायचं. दुसऱ्याच्या खरवडणीत हात घालायचा नाही. दोन हातांचं बेअरिंग तापतं असं सगळे म्हणत; खरं होतं की नाही कोणी करून बघितलं नव्हतं, कारण तसं करायची कोणाची छाती झाली नव्हती.

तौनोने डबी उघडली, बोटाने निळं काढलं आणि मानेवर फासलं.

आर्डिस जवळच उभी होती. तिला वाटलं, हा पहिला हात आहे, आता पुसून पातळ करतील. पण तौनोने आणखी निळं घेतलं, आणखी फासलं. पावावर लोणी थापावं तसं. डेल हातातल्या पान्याकडे बघू लागला.

"बाबा, जाड झालं."

"पातळ आहे."

"जाड आहे, बाबा."

"तू मला निळं शिकवणार?"

बेअरिंग टेकवलं, खाली घेतलं. सगळा पांढरा धातू कडेपासून कडेपर्यंत निळा झालेला. एवढा निळा थर दिला तर वाकडं पत्र्याचं डबडंसुद्धा मानेवर घट्ट बसलंय असं दिसेल. आर्डिस पहिल्यांदा गिरणीत लागली तेव्हा याच माणसाने तिला चारचौघांत झापलं होतं, की जाड निळं खोटं बोलतं, आणि खोटं ऐकायचं असेल तर गिरणीत कशाला आलीस, चर्चच्या बाजारात जाऊन बस. तोच माणूस आता बेअरिंगवर वाकून समाधानाने म्हणत होता, "बघ. बरंच बसलंय. वाटलं होतं तेवढं काम नाही."

तिचं डोकं सणकलं. गेलं वर्षभर ती डोळे तपासून घ्या म्हणून मागे लागली होती आणि गेलं वर्षभर तो म्हणत होता, की मला शेताच्या पलीकडचं हरीण दिसतं. तिने फडकं घेतलं, मान स्वच्छ पुसली आणि स्वतः निळं लावलं, पातळ. हे रिवाजाच्या बाहेर होतं, पण तौनो काही बोलला नाही, यावरूनच तिने ओळखायला हवं होतं. बेअरिंग पुन्हा टेकवलं. खाली आलं तेव्हा डाव्या कडेला ठिपक्यांचा एक पुंजका आणि उजवीकडे एकच लांबट डाग उठला होता. बाकी सगळं कोरं. काम तीन दिवसांचं होतं, कदाचित जास्तच.

"आता?" तिने विचारलं.

तौनो वाकला. डोकं एकदा या अंगाला कलतं केलं, एकदा त्या अंगाला. "काहीच उठलं नाही," तो म्हणाला. "तू लावलंसच नाही नीट."

कोणी हसलं नाही. डेलने पाना पेटीत ठेवला आणि तिला कोपराने खूण करून खांबाआड नेलं.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना करू दे. जाड निळं लावू दे, जे खरवडायचं ते खरवडू दे. संध्याकाळी त्यांना घरी सोड. मग मी बसतो आणि जमेल तसं नीट करतो. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"एवढं मोठं बेअरिंग तू कधी केलंयस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? दुसरं काय करायचं? त्यांना सांगायचं? तू सांगशील? मी नाही सांगणार. मला या माणसाने जेवू घातलंय."

"आणि गिरणी सुरू झाल्यावर तापली की? त्यांच्या नावावर जाईल, डेल. सगळं गाव म्हणेल, तौनोने बसवलेलं बेअरिंग जळालं. आणि ते हसतहसत तुझ्या खरवडणीची जबाबदारी घेतील, कारण त्यांना माहीतच नसेल."

डेलने डोकं खाजवलं. "सोमवारी मी शिकारीच्या कॅम्पवर असणार होतो," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आर्डिसला सगळ्यांचाच राग आला. उत्तरार्ध न ऐकणाऱ्या क्लेटनचा, कॉफी प्यायला जाणाऱ्या डेलचा, भोंगा ऐकून झोपणाऱ्या रविवारच्या पाळीचा. आणि सगळ्यात जास्त त्या म्हाताऱ्याचा, जो तिकडे उकिडवा बसून बेअरिंगवर बोटं फिरवत होता. बोटांना चरे कळतात. पण केसाएवढा उंचवटा बोटांना कळत नाही, म्हणून तर निळं लावायचं असतं. हेही तिला त्यानेच सांगितलं होतं. याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे याचेच शब्द वापरायचे, याच्याएवढी वैतागाची दुसरी गोष्ट नाही.

जेवायच्या सुट्टीत बाकीचे कँटीनला गेले. ती दोन पास्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या तळहाताएवढ्या करंज्या, घेऊन आली आणि तौनोशेजारी लाकडी ओंडक्यावर बसली. त्याने आपली पास्टी उघडून आत बटाट्याबरोबर रुटाबेगाचा कंद आहे का ते बघितलं. बघितलं म्हणजे हुंगलं.

"बाबा, तुम्हाला निळं दिसत नाहीये."

तौनो चावत राहिला.

"मी ऐकवायला म्हणून नाही बोलत. ठिपके होते. पुंजका होता डावीकडे. तुम्ही बरोब्बर त्याच्यावर डोळे लावलेत आणि म्हणालात काही नाही. डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा, वर्षभर जीभ झिजवली मी. गेला असतात तर..."

"गेलो होतो," तौनो म्हणाला.

तिने हातातली पास्टी खाली ठेवली.

"बर्फ वितळलं तेव्हा. तू मीटिंगला गेली होतीस. डेलच्या बायकोने नेलं गाडीतून. मार्क्वेटला."

"डेलच्या बायकोने? म्हणजे डेलला..."

"तिला मी सांगितलं, दात दाखवायचेत." त्याने मिशीवरचा चुरा झटकला. "डोळ्याच्या मागे पडदा असतो म्हणे. तो मधोमध झिजलाय. दोन्हीकडचा. मी विचारलं, भर घालता येते का? म्हणाला नाही. नवा बसतो का? नाही. घासून काही? हसला तो. भला माणूस होता. म्हणाला, कडेचं दिसत राहील. म्हणून हरीण दिसतं. ज्याच्याकडे सरळ बघायला जातो, तेवढंच नेमकं जातं."

आठ महिने ती या माणसावर खेकसत होती. मीठ सांडलं म्हणून, फोनचा आकडा चुकवला म्हणून, घासलेल्या भांड्यांना खरकटं राहिलं म्हणून.

"मला का नाही सांगितलं?"

"तू ओरडली असतीस."

"मग काल आलात कशाला? माहीत होतं तर आलात कशाला इथं?"

तौनोने पास्टीची कड मोडली. "डेल म्हणाला, तू अडचणीत आहेस," तो म्हणाला. "आणि दगड लावून बघितला तर काल जमलं. मला वाटलं, निळं जरा जाड लावलं तर दिसेल. दिसलंही. सगळंच निळं दिसलं. तेव्हाच कळलं होतं मला, पोरी. तू मान पुसलीस त्याच्या आधी. पण सगळे उभे होते ना भोवती."

वर छताखाली एक चिमणी अडकली होती, ती इकडून तिकडे उडत होती.

"डुलुथच्यांना बोलव," तौनो म्हणाला. "क्लेटनला काय सांगशील?"

"चरे खोल आहेत म्हणून. हाताने भागण्यासारखं नाही म्हणून."

"चरे खोल नव्हते. काल काढले मी."

"मला माहीत आहे."

"मग असं कसं सांगशील? तू इथली मेंटेनन्सची मुख्य आहेस. डुलुथची माणसं येऊन मानेवर बोट फिरवतील आणि म्हणतील, या बाईला काही कळत नाही. खोटं निदान द्यायचं नाही, आर्डिस. माणसाचं नाव जातं त्याने."

"जाऊ दे. नाव माझं आहे ना?"

"आहे म्हणून तर म्हणतोय."

"बाबा, पास्टी खा," ती म्हणाली.

क्लेटनने ऐकून घेतलं आणि या खेपेला वाक्य पूर्ण होऊ दिलं, हेच वाईट लक्षण होतं.

"काल चरे खोल नव्हते," तो म्हणाला. "काल तुम्हीच मला म्हणालात, जमण्यासारखं आहे."

"काल वाटलं तसं. घासल्यावर कळलं."

"आणि डुलुथ महिनाअखेरीस येणार. आणि सोमवारी तुमची ती शिकार. आणि दोन नंबर थांबली की तिच्यावरचे सगळे घरी." त्याने पेन टेबलावर टाकलं. "मला मूर्ख समजता का तुम्ही लोक? बाहेरून आलाय, कळणार नाही याला, असंच ना? सरळ सांगितलं असतंत, की आम्हाला हरणं मारायला सुट्टी पाहिजे, तर मी निदान मान तरी दिला असता तुम्हाला."

तिच्या तोंडावर आलं होतं, की आपण जन्मात बंदूक धरलेली नाही. बापाने शंभरदा शिकवायचा प्रयत्न केला आणि शंभरदा तिने नाही म्हटलं होतं. पण दुसरं कारण द्यायचं तर खरं द्यावं लागलं असतं.

"तुम्हाला जसं वाटेल तसं," ती म्हणाली.

"मी हे वरच्यांना कळवणार आहे."

"कळवा."

ती बाहेर आली तोवर बातमी तिच्या आधी खाली पोचली होती. पाळीतली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. वेल्डर, जो कालपर्यंत तिला अडाणी म्हणत होता, तो टोपी काढून म्हणाला, "आर्डिस, बाई असावी तर अशी. पहिल्या हरणाची मांडी तुझी." दुसऱ्याने विचारलं, की तुझा बाप येतोय ना कॅम्पवर. पगार बुडणार याची कोणाला फिकीर नव्हती, निदान आजच्या दिवशी नव्हती. या लोकांपुढे डोकं आपटून घ्यावं की काय करावं, हे तिला आयुष्यभर कळलेलं नव्हतं. तिने सगळ्यांना हातानेच झटकलं आणि गिरणीकडे गेली.

तौनो बेअरिंगपाशी गुडघ्यांवर बसला होता. हातात फडकं, शेजारी रॉकेलचा डबा. तिने आणि त्याने मिळून लावलेलं सगळं निळं तो पुसत होता. कडेकडेने, खाचांतून, तेलाच्या भोकांतून, बोटाला फडकं गुंडाळून. डेल बाजूला उभा होता.

"मी म्हणालो त्यांना, मी करतो म्हणून," डेल कुजबुजला. "ऐकत नाहीत."

"डुलुथची माणसं येतील," तौनो मान न वळवता म्हणाला. "एवढं निळं बघितलं तर काय म्हणतील? म्हणतील, कोणी लावलं हे? कोणा शिकाऊने?"

त्याने मानही पुसली. वर हात पुरेना तेव्हा डेलने न विचारता खाली फळी सरकवली आणि त्यावर तो चढला. मग फडकं उलटं करून कोरड्या बाजूने पुन्हा सगळं पुसलं. ते झाल्यावर त्याने पाती एकेक करून तेलाच्या कापडात गुंडाळली, निळ्याच्या डबीचं झाकण घट्ट लावलं.

"बघ गं," तो म्हणाला. "राहिलं का कुठं?"

बेअरिंगच्या बरोब्बर मधोमध, तळव्याएवढा निळा डाग तसाच होता. त्याच्या चारही बाजू लख्ख पांढऱ्या निघाल्या होत्या. दिव्याखाली तो भोंगा वाजावा तसा दिसत होता.

डेलने तिच्याकडे बघितलं आणि मग छताकडे.

"नाही," आर्डिस म्हणाली. "स्वच्छ आहे."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"मग ठीक," तौनो म्हणाला, आणि पेटीची कडी लावायला वाकला. कडी लवकर सापडेना. तो चाचपत होता तेवढ्यात तिने स्वतःच्या बाहीनेच तो डाग पुसून काढला.